राहून गेलेली चार मिनिटे

मित्रांनो, तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी मला कधी पाहिले नसेल, म्हणून आधी ओळख करून देतो. मी एक जुना व्हीसीआर आहे. काळा, चपटा आणि टेबलावर चांगली ऐसपैस जागा अडवणारा. माझ्या पोटात कॅसेट सारायची आणि लाल बटण दाबायचे, की टीव्हीवर जे चालू असेल ते मी फितीवर उतरवून घ्यायचो. दुसरे बटण दाबले की तेच पुन्हा दाखवायचो. म्हणजे 'पुन्हा' हाच माझा धंदा. त्यामुळेच असेल, एका प्रश्नाने मला जन्मभर पछाडले आहे. एकदा पाहिलेली गोष्ट माणसे पुन्हा का पाहतात? शेवट ठाऊक असतो, कोण मरणार आणि कोण वाचणार तेही ठाऊक असते, तरी डोळे फाडून बघत बसतात. मला याचे भारी कुतूहल.

माझा जन्म एका लांबलचक टेबलावर झाला. एका बाजूने रिकामा पत्रा यायचा आणि दुसऱ्या बाजूने आम्ही बाहेर पडायचो. शेवटी एका तपासनीस बाईंनी माझ्यात कॅसेट घालून पाहिली. आयुष्यातला माझा पहिला कार्यक्रम म्हणजे नुसते रंगीत उभे पट्टे. ते मी चार वेळा दाखवले, पण खरे सांगतो, पाचव्यांदा दाखवावेत असे काही त्यांच्यात नव्हते. त्याच कारखान्यात मला एक सवय लावली गेली. पॉजचे बटण दाबून मला पाच मिनिटांहून जास्त ताटकळत ठेवले, तर मी आपला आपण बंद होतो. फीत एकाच जागी घासून झिजू नये म्हणून ही काळजी. सवय चांगलीच आहे, पण पुढे तिनेच घात केला.

मला घरी आणले एका बहिणीने, आपल्या धाकट्या भावासाठी. बहीण टेलिफोन एक्स्चेंजमध्ये कामाला होती. सगळे तिला ताई म्हणत, म्हणून मीही ताईच म्हणतो. भाऊ छापखान्यात मुद्रितशोधक. त्यांना सगळे बापू म्हणत. छापायला जाण्याआधी मजकुरातल्या चुका हुडकायच्या, हे त्यांचे काम. प्रत्येक पान ते दोनदा वाचत, आणि चूक पकडण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. घरी आल्यावरही खिशातले लाल पेन खिशातच असे. चहाबरोबर बिस्किटाचा पुडा वाचायचे आणि त्यातही दोन चुका काढायचे. दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत ते एकटेच राहत.

"माझी ड्यूटी दुपारी दोन ते रात्री दहा," ताई मला टेबलावर ठेवताना म्हणाल्या होत्या. "गुरुवारी संध्याकाळी तू घरीच असतोस. माझ्यासाठी भरून ठेवत जा. एवढं एकच काम."

काय भरून ठेवायचे, तर 'सातवी कक्षा' नावाची मालिका. एका अवाढव्य यानातून तीनशे माणसे पिढ्यान्‌पिढ्या प्रवास करत असतात. प्रवासाला निघालेले केव्हाच वारलेले. आताच्यांपैकी कोणी उघडे आकाश पाहिलेले नाही. एक कप्तान, एक डॉक्टरीण, आणि यानाचे पंखे आणि नळ्या दुरुस्त करत हिंडणारा एक मिस्त्री. यानाच्या भिंती प्लायवूडच्या होत्या, दार लावले की थरथरत. मालिकेचे चाहते बोटांवर मोजण्याइतके. पण ही भावंडे तिच्यावर लट्टू होती.

बापूंची भरण्याची पद्धत त्यांच्या धंद्याला शोभणारी होती. फितीवर एकही जाहिरात नको. म्हणून सात वाजता ते माझ्यासमोर उकिडवे बसत आणि पॉजच्या बटणावर बोट ठेवून असत. जाहिरात आली की दाबायचे, संपली की पुन्हा दाबून सोडायचे. पंचवीस भाग झाले, पण त्यांच्या कॅसेटांत साबणाची एक जाहिरात सापडली तर शपथ.

मग आला सव्विसावा, म्हणजे शेवटचा भाग. यान एका अनोळखी जमिनीवर उतरले आहे. बाहेरची हवा श्वास घेण्याजोगी आहे की विषारी, हे सांगणारे यंत्र मोडले आहे. कोणीतरी बाहेरचे दार उघडून पाहायला हवे. मिस्त्री पुढे होतो, कडीवर हात ठेवतो, आणि नेमकी तिथे जाहिरात लागली. बापूंनी पॉज दाबला. तीन मिनिटे जाहिराती चालल्या. त्या संपल्या आणि दार उघडले. बापू उठून उभे राहिले, टीव्हीजवळ गेले, आणि माझे बटण तसेच राहिले. मी वाट पाहिली. माझी पाच मिनिटे भरली आणि मी सवयीप्रमाणे खट्ट करून बंद पडलो. ते त्यांना ऐकूही आले नाही. ते दोन्ही हातांनी डोळे पुसत होते. मालिका संपल्यावर त्यांनी वळून माझ्याकडे पाहिले. लाल दिवा विझलेला होता. मित्रांनो, माणसाचा चेहरा इतका पडलेला मी त्यानंतर बावीस वर्षे पाहिला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताई चपला काढता काढताच म्हणाल्या, "लाव लवकर. सगळ्यांना बजावून ठेवलंय, शेवट कोणी सांगितलात तर याद राखा."

बापूंना बोलायचे होते. त्यांनी दोनदा घसा खाकरला. पण ताई पाय वर घेऊन बसल्याही होत्या. कॅसेट चालू झाली. दाराच्या कडीवर मिस्त्रीचा हात आला, त्याचा चेहरा जवळून दिसला, आणि पुढे पडद्यावर मुंग्या. ताई सावकाश वळल्या. त्यांचे डोळे भरून आले होते.

"संपलं? इथेच?"

आता खरे सांगायला एक शब्द पुरे होता. बापू म्हणाले, "हो. इथेच."

"काय हिंमत आहे रे यांची!" ताई म्हणाल्या. "दार उघडलं की नाही, तेच सांगितलं नाही! लाव. पुन्हा लाव."

अशी ती चूक छापून गेली, आणि ताईंच्या ओळखीत शेवटचा भाग पाहिलेले दुसरे कोणी नव्हते, म्हणून ती कोणी पकडलीही नाही. ताईंचा आनंद पाहून बापूंची जीभ रेटली नाही, आणि एकदा नाही रेटली ती नाहीच. मलाही तोंड असते तर मी काय बोललो असतो कोण जाणे. दोष थोडा माझाही होताच ना.

पुढची वर्षे माझ्या भरभराटीची. ताईंनी माझ्यावर घालायला क्रोशाचे आच्छादन विणले. दर रविवारी दुपारी मंडळी जमू लागली. खालच्या मजल्यावर औषधांचे दुकान थाटलेले केमिस्ट काही वर्षांनी येऊन सामील झाले. त्यांनी 'सातवी कक्षा' पाहिली ती फक्त माझ्याकडून. त्यांची स्वतःची लाडकी मालिका निराळीच होती, काळात मागेपुढे जाणाऱ्या पहारेकऱ्यांची, कोड्यांनी खच्चून भरलेली. मग दर रविवारी एकच वाद पेटायचा, की कोणती मालिका पुन्हा पाहण्याच्या लायकीची.

"प्रत्येक मालिकेला मुदत असते," केमिस्ट कॅसेट उलटीपालटी करत म्हणायचे, जणू पाठीमागे तारीख छापलेली आहे. "तुमच्या कक्षेची मुदत संपली. शेवट कळला, विषय संपला. माझी मालिका बघा, पहिल्या भागातली खूण चाळिसाव्या भागात कळते. म्हणून दुसऱ्यांदा बघायची. दिवसातून दोनदा, जेवणानंतर."

"कोडं सुटलं की तुमच्या पहारेकऱ्यांत राहतं काय?" ताई उसळायच्या. "आमचा शेवट कळतच नाही, तीच तर गंमत. दर वेळी मला मिस्त्रीच्या तोंडावर वेगळं काहीतरी दिसतं. मागच्या वेळी घाबरलेला दिसला. आज हसू दाबत होता."

"दुसऱ्यांदा बघणं म्हणजे चुका काढणं," बापू मध्येच म्हणायचे. "मी दिवसभर तेच करतो. पाचव्या भागात कप्तानाचा बिल्ला डावीकडचा उजवीकडे गेलाय. नवव्या भागात दोराची सावली पडलीय. एकदा बघावं आणि सोडून द्यावं."

सगळ्यांना वाटे, माणूस कोरडा आहे. मला मात्र आतली गोष्ट ठाऊक होती. कोणी शेवटच्या कॅसेटला हात घातला की बापूंच्या काळजाचे पाणी पाणी होत असे. पुन्हा पाहण्याच्या विरुद्ध त्यांनी जन्मभर जो किल्ला लढवला, तो भरायच्या राहून गेलेल्या त्या चार मिनिटांसाठी.

आणि मित्रांनो, वादात माणसे एक सांगतात, फीत दुसरेच सांगते. जिथे पुन्हा पुन्हा मागे नेऊन पाहिले जाते, तिथे ती झिजते. मला ते फीत सरकतानाच कळते. ताई 'शेवटासाठी बघते' म्हणत, पण त्यांची सर्वांत झिजलेली जागा होती आठव्या भागात, मिस्त्री आणि डॉक्टरीण काही न बोलता भांडी घासतात ती. केमिस्ट कोड्यांचे भक्त, पण त्यांच्या पहारेकऱ्यांची फीत झिजली होती एका निरोपाच्या जागी, जिथे कोडे असे काहीच नव्हते. आणि बापू? छापखान्याला सुट्टी असली की ते दार लावून घेत आणि शेवटची कॅसेट लावत. कडीवरचा हात येई, मुंग्या येत, आणि ते मुंग्यांकडे बघत राहत. पूर्ण चार मिनिटे. जणू नीट पाहिले तर सुटलेली ओळ सापडेल. मला त्यांची फार कीव यायची.

काळ बदलला. पुस्तकासारखी जाड कॅसेट जाऊन पापडासारखी पातळ डिस्क आली. बापूंनी डिस्क प्लेयर घेतला आणि मी खालच्या फळीवर गेलो. माझ्यावर रद्दी साचली. क्रोशाचे आच्छादन नव्या पाहुण्याला मिळाले. वाईट वाटले, खोटे कशाला बोलू? पण ऐकू येत होते, आणि वाद तोच चालू होता, त्यामुळे करमत होते.

ताई साठ वर्षांच्या झाल्या, तो रविवार मला चांगला आठवतो. त्यांच्या सुनेने मोठ्या हौसेने एक खोका आणला होता.

"आई, डोळे मिटा. आता उघडा," सूनबाई म्हणाली. "तुमची सातवी कक्षा! सगळे सव्वीस भाग, नव्याने साफ करून काढलेत. किती शोधलं माहितीये?"

ताईंना काय करू नि काय नको झाले. बापूंचा मात्र चेहरा पांढराफटक पडला.

"साफ केलं म्हणजे रंग बिघडवले असणार," ते म्हणाले. "आणि एवढा वेळ कुठाय आज? पुन्हा कधीतरी बघू."

"मामा, निदान शेवटचा भाग तरी," सूनबाई म्हणाली.

"प्लेयर जरा अडकतोय."

"सकाळी तर ठणठणीत होता," केमिस्ट म्हणाले, आणि त्यांनीच डिस्क सारली.

मी खाली रद्दीखाली होतो. पडदा दिसत नव्हता, आवाज ऐकत होतो. कडीवर हात आल्याचे मला संगीतावरून कळले. "आता संपणार," ताई नेहमीप्रमाणे म्हणाल्या. पण संपले नाही. कडी वाजली. दार करकरले. वाऱ्याचा आवाज आला. मिस्त्रीने आत हाक मारली, "कप्तान, या! हवा चांगली आहे!" मग तीनशे माणसांची पावले वाजली. सगळे बाहेर पडल्यावर मिस्त्री एकटा परत आत आला. त्याने एकेक पंखा बंद केला आणि यानाला म्हणाला, "बास आता. खूप केलंस."

मित्रांनो, यंत्राशी कोणी असे बोलते, हे मी पहिल्यांदाच ऐकत होतो. आणि नेमके तेवढेच माझ्या फितीवर नव्हते.

"अरेच्चा!" केमिस्ट म्हणाले. "हे आपल्या कॅसेटमध्ये कुठे होतं?"

"तेव्हा दाखवताना कापत असतील," सूनबाई म्हणाली. "पुढच्या बातम्या वेळेवर लावायच्या म्हणून."

"हो, कापलंच असेल," ताई म्हणाल्या. त्यांचा आवाज जरा सैल झाला. "बापू, कापलंच असणार, नाही का रे?"

बघा, कशी आयती सुटका चालून आली होती. नुसती मान हलवली असती तरी भागले असते.

"नाही ताई," बापू म्हणाले. "कोणी कापलं नाही. त्या दिवशी हे लागलं होतं. मी पाहिलं होतं. पॉज सोडायचा राहिला माझ्याकडून."

"मग मी विचारलं, इथेच संपलं का, तेव्हा?"

"तेव्हा मी हो म्हणालो."

केमिस्टांना एकदम आपल्या कपात काहीतरी दिसू लागले.

"बावीस वर्षं," ताई म्हणाल्या. "बावीस वर्षं मी त्या शेवटासाठी भांडले. एक्स्चेंजमध्ये भांडले, घरी भांडले, ह्या केमिस्टांशी भांडले. आणि तू शेजारी बसून चहा पीत होतास."

"तुला इतका आवडला होता गं."

"मला काय आवडावं ते तू ठरवणार?"

त्यांनी पर्स उचलली. खोका तिथेच राहिला. सूनबाई त्यांच्या मागे धावली आणि जिन्यावर दोघींची पावले ऐकू येईनाशी झाली.

त्यानंतर चार रविवार गेले. ताईंनी जन्मभर दुसऱ्यांचे फोन जोडून दिले होते, पण भावाचा फोन त्या उचलत नव्हत्या. बापू त्यांच्या घरी जाऊन आले, तर सूनबाईने दारातच सांगितले, "मामा, आई झोपल्यात." अकरा वाजता सकाळी. केमिस्ट रविवारी येत, दोघे समोरासमोर बसत, आणि वाद घालायला कोणी नसल्यामुळे केमिस्ट लवकर उठून जात. बापूंनी त्या डिस्कच्या खोक्याला हात लावला नाही. एकदा मात्र ते माझ्यासमोर खाली बसले आणि म्हणाले, "ताई येणार नाही आता." दुसऱ्या कोणाला सांगणार?

पाचव्या रविवारी दार वाजले. ताई होत्या. सोबत कोणी नव्हते.

"ती कॅसेट लाव," त्या म्हणाल्या.

"डिस्क?"

"कॅसेट म्हटलं मी."

माझ्यावरची रद्दी निघाली. वायर माळ्यावरून शोधून काढली. केमिस्टांनी दुकानातून कापूस आणि स्पिरिट आणून माझे हेड, म्हणजे फीत वाचणारा भाग, पुसले. माझा रबरी पट्टा सैल पडला होता, त्यामुळे सुरुवातीला आवाज रडका येत होता. मी जीव खाऊन ओढले. यान उतरले, यंत्र मोडले, मिस्त्री पुढे झाला. कडीवर हात. आणि मुंग्या. बापूंनी बंद करायला हात पुढे केला.

"राहू दे," ताई म्हणाल्या. "आता पुढचं सांग."

"पाहिलंस की तू त्या दिवशी."

"ते त्यांचं पाहिलं. त्या गुरुवारी मी ड्यूटीवर होते, तेव्हा तू काय पाहिलंस, ते हवंय मला. माझ्यासाठी भरून ठेवायचं होतंस ना? मग दे."

बापू उभे राहिले. आधी अडखळले. मग हात पुढे करून त्यांनी हवेतली कडी उघडली, डाव्या हाताने. डिस्कमध्ये ती उजव्या हाताने उघडली होती, असे केमिस्ट नंतर कोणाला तरी सांगत होते. "बाहेर लख्ख ऊन," बापू म्हणाले. "इतकं ऊन, की मिस्त्रीने डोळ्यांवर हात धरला. मग त्याने छाती भरून श्वास घेतला. घेतला आणि सोडेचना. मला वाटलं, गेला हा. मग सोडला. मग मागे वळला, आणि सगळ्यांत आधी बहिणीला हाक मारली. ताई, ये, म्हणाला. ये लवकर, हवा चांगली आहे."

बापूंचा आवाज तिथे फाटला.

मित्रांनो, मी ही मालिका शेकडो वेळा दाखवली आहे. सव्वीस भागांत मिस्त्रीला बहीण नाही. त्याने हाक मारली ती कप्तानाला. केमिस्टांनी चूक दुरुस्त करायला तोंड उघडले होते, पण ताईंनी हात वर करून त्यांना गप्प केले.

"पुन्हा सांग," त्या म्हणाल्या.

आणि पुन्हा पाहण्याला जन्मभर नावे ठेवणाऱ्या बापूंनी पुन्हा सांगितले, पहिल्यापासून, त्याच चुकांसकट.

आता माझे फार दिवस राहिलेले नाहीत. पट्टा कधीही तुटेल आणि तो आता कुठे मिळतही नाही. तुमच्या घरात माझ्यासारखा कोणी अडगळीत पडला असेल तर त्याची धूळ झटका, वर्षातून एकदा तरी चालवून बघा, एवढे मागणे आहेच. पण त्याहून मोठे मागणे हे, की कोणी विश्वासाने तुम्हाला काही जपून ठेवायला सांगितले असेल आणि तुमच्या हातून ते निसटले असेल, तर बावीस वर्षे थांबू नका. जेवढे तुमच्यापाशी उरले आहे तेवढे घेऊन जा, अर्धे असो, चुकीचे असो. ते माणूस तुमची वाट बघत असते.